डबा वाजवून ओळखा

२६ सप्टेंबर

आजही तेच. चहा घेऊन सासूबाईंच्या दारात उभी राहिले. "कोन शे?"

वीस वर्षं झाली मला सून होऊन! दुपारी घरात तिसरं माणूस नसतं. तरी रोज – कोन शे? कप हातात न देता स्टुलावर ठेवला. बाहेर आले.

हितेंद्र म्हणतो, "आईचं बोलणंच तसं आहे." त्याला काय! तो फाटकापासूनच "आई, आई" करत येतो. त्याला कोण विचारणार?

२७ सप्टेंबर

सासूबाईंनी (मी आत्या म्हणते) जेवताना सांगून टाकलं. "नवलले फोन लाव. दिवाईले माले गावले ली जाय म्हना."

नवलभाऊ माझे धाकटे दीर. साक्रीकडं, गावातल्या घरी असतात. उन्हाळ्यात आत्या शेताच्या वाटेवर पडल्या, तेव्हापासून इथं मेहरूणला, आमच्याकडं.

का, विचारलं. "करमत नही."

कसं करमेल? गल्लीत कुणाशी बोलत नाहीत. कुणी हसलं तर उलट हसत नाहीत. शेजारच्या शेवंताबाई परवा म्हणाल्याच – "तुझी सासू भलतीच ताठ्याची गं!"

त्यांनी जाऊ नये असं मला वाटतं. का ते माहीत नाही. वाटतं.

२९ सप्टेंबर

ठरवलं. गल्लीतल्या बायकांना बोलवायचं. गुलाबाईचे, पोरींच्या गाण्या-खेळाचे दिवस आहेत आणि एकाही घरात गाणं ऐकू येत नाही. पोरी क्लासला जातात. मग आपणच खेळू. चिंध्यांची गुलाबाईची बाहुली शिवायची. प्रत्येकीनं बंद डब्यात काहीतरी गोड आणायचं. पहूरला, माहेरी, लहानपणी ओळखायचो तसा डबा वाजवून खाऊ ओळखायचा. बस.

समोरच्या गच्चीवरून डिंपल ओरडली, "वहिनी, थीम काय आहे?"

"चिंध्या!"

आत्यांना एक तरी मैत्रीण मिळाली तर थांबतील. सगळा खटाटोप त्यासाठी. हे हितेंद्रलासुद्धा सांगितलं नाही.

१ ऑक्टोबर

चार जुन्या साड्या फाडल्या. एक लग्नातली. फाडताना वाटलं होतं तेवढं वाईट वाटलं नाही.

३ ऑक्टोबर

आत्या म्हणतात, येणार नाही. "माले कसाले बलावस? पोरीस्ना खेय तो."

४ ऑक्टोबर

झालं. नीट लिहिते.

चटया टाकल्या होत्या. आत्या खोलीतच होत्या. शेवंताबाई सरळ आत गेल्या आणि त्यांना हाताला धरून घेऊन आल्या. "चला अक्का, ताठा घरी ठेवा!"  आणि आत्या आल्या! तो हात सोडला नाही, बसेपर्यंत.

सुया वाटल्या. आत्यांनी आपली सुई डिंपलकडं केली – "दोरा घालून दे वं." मग मान खाली घालून शिवत बसल्या. बोटं कशी चालत होती! चिंधीला डोकं आलं, कंबर आली. आमच्या बाहुल्या बटाट्यासारख्या.

मग डबे. शेवंताबाईंचा पहिला. हलवला – खळखळ. कुणी म्हणे चणे, कुणी म्हणे रेवड्या. आत्या मान वर न करता म्हणाल्या, "शंकरपाया. जरासा कडक हुई गयात."

झाकण उघडलं. शंकरपाळे! शेवंताबाईंनी कपाळाला हात लावला. "कडक झालेलंही ऐकू आलं का हो?"

डिंपलचा डबा आत्यांनी कानाशी धरला. "हाई दुकाननं शे. आत कागद वाजस."

"आजी!" डिंपल लाजून लाल. पेढे निघाले, कागदासकट.

माझ्या डब्याचा आवाजच नव्हता. केळ्याचा शिरा. सगळ्याजणी हरल्या. आत्यांनी डबा वाजवलाच नाही. झाकणावर अंगठा फिरवला. "हाऊ दिपाना डबा. झाकन ढिलं शे. आत शिरा व्हई, गरम शे."

दिपाना. दिपमालाचं दिपा कधी केलं त्यांनी?

खायला म्हणून सगळ्या उठल्या. आत्याही उठल्या. आणि त्यांच्याबरोबर गुलाबाई उठली! लुगड्याला लोंबत. शिवता शिवता मांडीवरचं लुगडंही टाक्यांत घेतलं होतं. शेवंताबाई हसून हसून खाली बसल्या. "अक्का, गुलाबाईला सासरी धाडा की! मांडीवरून उतरेना!" आत्याही हसल्या. चार महिन्यांत पहिल्यांदा.

टाके कापायला कात्री आणली. पुढं केली. त्यांचा हात कात्रीच्या बाजूनं गेला. हवेत थांबला. मग चाचपत परत आला.

कुणी पाहिलं नाही. मी पाहिलं.

टाके मीच कापले.

५ ऑक्टोबर

सकाळी त्यांच्याजवळ जाऊन बसले. "आत्या, डोळ्यांना दिसत नाही ना?"

त्यांनी पदर डोक्यावर ओढला. मग – "धुकं पडेल ऱ्हास तसं. तीन-चार वरीस हुई गयात."

सांगितलं का नाही?

"सांगी काय करतू? तुम्हले घोर." मग हळूच म्हणाल्या, "गावले मना पाय घर वळखतस. उंबरा कोठे, रांजन कोठे. आठे भिताड बी परकं शे."

म्हणजे करमत नाही ते हे.

मी विचारलं – विचारायचं नव्हतं, तोंडातून निघालं – "म्हणून रोज कोन शे, कोन शे म्हणता?"

"मंग काय करू? शेवंता येस ते बोलत येस. तू दारमा उभी ऱ्हास, नि तोंडमा मूग. चोर शे का सून, कसं समजी?"

हसू आलं. नंतर रडूही.

७ ऑक्टोबर

डॉक्टर म्हणाले मोतीबिंदू, दोन्ही डोळ्यांत. पिकलेला. ऑपरेशननं बरं होण्यासारखं आहे. आधी उजवा.

आता दारातूनच ओरडते – "आत्या, मी दिपा, चहा!" शेजारीपाजारी हसत असतील.

९ ऑक्टोबर

ऑपरेशन झालं. शेवंताबाई दवाखान्यात येऊन बसल्या. डबा आणला होता. डोळ्याला पट्टी, तरी आत्यांनी वाजवला. "आज मऊ करेल शेतस."

१० ऑक्टोबर

पट्टी काढली. आधी त्यांनी स्वतःचे हात पाहिले. मग खिडकी. मग मला. पाहतच राहिल्या. माझ्या कपाळावरचे केस बोटांत धरले.

"हाई कव्हय पिकनात? माले कोनी सांगं बी नही."

१७ ऑक्टोबर

नवलभाऊ आले. मला वाटलं होतं, आता नको म्हणतील. तसं काही म्हणाल्या नाहीत. दिसतं म्हटल्यावर तर घर बघायची घाईच! डाव्या डोळ्याच्या ऑपरेशनला थंडीत येते म्हणाल्या. डोळ्यात थेंब कुठल्या वेळी घालायचे ते मी नवलभाऊंकडून दोनदा म्हणवून घेतलं.

गाडीत बसताना लुगड्याच्या ओच्यातून चिंध्यांची गुलाबाई डोकावत होती.

त्यांच्या दारात उभी राहिले जरा वेळ. कुणी विचारलं नाही.

२२ ऑक्टोबर

भाऊबीज आटोपली. घर रिकामं. लिहावंसं वाटत नाही.

२४ ऑक्टोबर

दुपारी फोन. नवलभाऊंचा नंबर. हॅलो नाही, काही नाही. मागं बायकांची खसखस. आणि अगदी कानाशी – खुळखुळ, खुळखुळ. डबा!

"कोन शे?" मी म्हटलं.

"तुनी सासू. वळख!"

"अं... सांजोरी?"

"चुकनी! आठे ये नि दख."

पिशवी काढली आहे. सकाळच्या एसटीनं निघते.