प्रभाकरचं सातवं तिकीट

१७ नोव्हेंबर

सौंसरहून मित्राचं, प्रभाकरचं, पाकीट आलं. सात परदेशी टपाल तिकिटं, एकावरही इंग्रजीचा ठिपका नाही. वर फोन — "ओळखून दाखव बे, नाही त संत्र्याची पेटी तुह्याकडून!" सहा तर चहा निवायच्या आत ओळखली. गोल गोल अक्षरं — ब्रह्मदेश. चौकटी नि काड्या — कोरिया. गळासारखी वाकडी — जॉर्जिया. सातवं भिजवून सोडवलं, कागदावर पालथं घातलंय. वाळलं की बघू.

१८ नोव्हेंबर

सकाळपासून डोकं जड. सातवं लागेना! छान रंगीत पक्षी आहे, खाली अक्षरं. वर एक आडवी रेघ, तिला सगळी लटकलेली, दोरीवर कपडे वाळत घातल्यासारखी. इतकी वर्षं तिकिटं जमवतोय, असली लिपी कधी पाहिली नाही. तिबेट? पुस्तक काढलं तर त्यातलंही काही लागत नाही. पेपरचंही तेच. चष्म्याचा नंबर वाढला असणार.

१९ नोव्हेंबर

डोळ्यांचा डॉक्टर यंत्रातून बघून म्हणाला, नंबर तोच. मग?

दुकानात विशाल त्याच्या आईची नेहमीची चिठ्ठी घेऊन आला. एक शब्द लागेना. "डॉक्टरचं अक्षर!" म्हणून हसलो, तोही हसला. गोळ्यांच्या पट्टीचा रंग आठवून औषध दिलं. जन्म गेला औषधाच्या दुकानात, आणि आज रंगावरून!

२० नोव्हेंबर

जयश्री ताटं वाढता वाढता तिकिटाकडे बघून म्हणाली, "हे त नेपाळचं हाये. लिहिलंच हाये ना त्याच्यावर! आपलेच त अक्षरं."

मी म्हटलं, तुझी परीक्षा घेत होतो. हसली. मी ताट तसंच ठेवून उठलो.

मग दुकानाची पाटी बघून आलो. आमचं आडनाव आहे तिच्यावर, बापूजींनी हौसेनं रंगवून घेतलेलं. तिथंही तेच — रेघ आणि खाली लटकलेलं काहीतरी.

सांगू कोणाला? दुकान बसेल. जयश्री हाय खाईल. फार भीती वाटते. नवल म्हणजे हे लिहिताना हात कुठे अडत नाही. मागचं पान बघायची मात्र हिंमत नाही.

२१ नोव्हेंबर

कलाबाई सावरगावहून बीपीच्या गोळ्यांना आली. नेहमीच्या जागेवरून डबी काढून दिली. पायरी उतरली नि परत आली. "दादा, हे माही गोळी नाही वो. माही बारकी असते, हे केवढी!"

शुगरची होती. मीच काल डब्या हलवल्या होत्या. तिनं बघितलं नसतं तर? नुसती घेतली असती, विश्वासानं!

शटर ओढलं. जयश्रीला म्हटलं, अंग दुखतं.

२२ नोव्हेंबर

कालचं पान उघडलं. शाई माझी, वळण माझं. एक ओळ वाचता आली नाही.

दुकानाची किल्ली या पानावर ठेवतोय. जयश्री, वाच. मोठ्यानं वाच, मलाही कळू दे. मग नागपूरला घेऊन चल, मेंदूच्या डॉक्टरकडे.