उरलेल्या सतरा जणांचं कार्ड

मंगळवार, तारीख चौदा

लाडके ठके,

आजीचा तुझ्या दोन्ही गालांवरून हात. मी बरी आहे. गुडघे जिथल्या तिथं दुखतात, जिन्यातला दिवा अजून कुणी बदललेला नाही. पत्र खालच्या मजल्यावरचे शिंपीबुवा लिहिताहेत. फोनवर तू रडतेस आणि मी ऐकत बसते, त्यात दोघींचंही काम होत नाही, म्हणून हा खटाटोप.

तुझं पत्र त्यांनी मला तीनदा वाचून दाखवलं. तिन्ही वेळा माझा गोंधळ नव्याने झाला. डोळ्यांच्या दवाखान्याच्या यादीत दोन हजार तीनशे सतरा माणसं. सगळ्यांना एकदम ऑपरेशनची तारीख कळवायला गेलं, तर निरोप पाठवणारं यंत्र गुदमरतं. म्हणून तू प्रोग्रॅममध्ये यादीचे पन्नास-पन्नासचे तुकडे पाडलेस. इथवर मी तुझ्याबरोबर आहे. गाठोडं जड असलं की जास्त खेपा करायच्या, एवढं मलाही समजतं. सेहेचाळीस तुकडे झाले, सेहेचाळीस गेले, यंत्र म्हणालं सगळं व्यवस्थित. आणि पाच महिन्यांनी कळलं की सतरा माणसं कुठल्याच तुकड्यात नव्हती.

कशी नव्हती? हेच मला उमजेना. यादीत तर होती ना?

शेवटी शिंपीबुवांना बटणांचा डबा आणायला लावला. तुला ठाऊक आहे, मी एकवीस वर्षं बटणांच्या कारखान्यात कार्डं भरली, एका कार्डावर बारा. डबा टेबलावर ओतला. त्यांनी बारा-बाराचे ढीग केले. तीन झाले, सात उरली.

"कार्डं किती?" मी विचारलं.

"तीन."

"मग ही सात?"

"ती कशी मोजणार, आजी? कार्ड पुरं कुठं झालंय?"

म्हणजे तू नेमकं शिंपीबुवांसारखं केलंस. पुरी कार्डं किती ते विचारलंस, उरली किती ते विचारलंच नाहीस. एवढं कॉलेज करून शिंप्याएवढीच अक्कल आली म्हणायची. हे वाक्य त्यांनी कुरकुरत लिहिलंय.

आमच्याकडं उरलेल्यांनाही कार्ड मिळायचं. सात तर सात, एक तर एक. मला 'अपुरं' असं लिहिता येत नव्हतं, म्हणून मी त्या कार्डाचा कोपरा दुमडायची. मुकादमीण कोपरा बघायची आणि समजायची, यात कमी आहेत, पण आहेत.

डबा भरताना शिंपीबुवा म्हणाले, "आजी, एक बटण तुमच्या हाताशीच राहिलंय." मी चाचपडले, सापडेना. पांढऱ्या टेबलावर काळं बटण, ठके. त्यांनीच उचललं. मग कागद पुढं ओढला, आणि बोलले ते भलतंच. "हेपण लिहितो." नको म्हटलं, तर म्हणतात, "कापड कापून झालं, आजी."

तर आता ऐक.

डोळ्यासाठी मी नाव घातलंच नाही, असं तुला सांगितलं होतं. तू माझ्याशी दोन आठवडे अबोला धरलास. खरं म्हणजे घातलं होतं. शेवटच्या दिवशी, दवाखाना बंद व्हायच्या वेळी. खिडकीतली बाई म्हणाली, "तुमच्यानंतर यादी बंद." ऑपरेशन करून यायचं आणि तू आलीस की तुझ्या केसातला पांढरा केस लांबून दाखवायचा, असं मनात होतं. तारीखच येईना. मला वाटलं, म्हातारीला कोण विचारतं. विचारायला पुन्हा गेले नाही, तो माझा हट्ट. उजव्या डोळ्याला आता खिडकी तेवढी कळते, खिडकीत कोण उभं आहे ते कळत नाही. डावा त्याच्याच मागं निघालाय.

तुझं पत्र पहिल्यांदा ऐकलं तेव्हाच माझी तारीख का आली नाही ते समजलं होतं. बाकीच्या दोन वेळा ऐकलं ते राग कुणावर धरायचा हे ठरवायला. तुझ्यावर धरायला गेले, तर तू माझ्या पदराचं टोक तोंडात धरून झोपायचीस ते आठवलं. माझ्यावर धरला, तर घास उतरेना. यंत्रावर धरून उपयोग नाही, त्याला लाज नाही. अजून ठरलेलं नाही.

तू लिहितेस, त्या सतरा जणांची नावं उघडून बघायची हिंमत होत नाही, आणि महिनाअखेर राजीनामा देणार. द्यायचा तर दे. पण आधी ती यादी उघड. तू निघून गेलीस तर ती कुणाच्या तरी टेबलावर पडेल, आणि त्याला वाटेल, सतराच तर आहेत. यंत्राला सांगू नकोस. स्वतः फोन कर, एकेकाला. चूक माझी म्हण, तारीख मिळवून दे. कुणी तोंडाला येईल ते बोलेल, ऐकून घे. आणि शेवटचं नाव ओळखीचं आहे म्हणून वर ओढू नकोस. आधी सोळा.

अंगठा शिंपीबुवांनी माझा हात धरून उमटवून घेतलाय. पहिला टेबलावरच उठला होता. कागदाचा कोपरा मात्र मीच दुमडला, त्याला डोळे लागत नाहीत. फोनची घंटी ऐकायलाही लागत नाहीत.

फोनजवळ बसलेली,
सतरावी,
तुझी आजी