तसं काही वाईट नाही

प्रिय अर्डिसताईस,

लव्हॉनचा टोपी न काढता नमस्कार. तुझा गुडघा, भाऊजींची पाठ आणि तुमच्या डुलुथच्या सरोवरावरचा वारा, तिघांच्याही तब्येती कळव. आम्ही इकडे सेंट पॉलात बरे आहोत. ('आम्ही' म्हणजे मी आणि मांजर. व्हर्लिन देवाघरी जाऊन दुसरा हिवाळा सरला, तरी माझं पेन अजून अनेकवचनातच चालतं.) तुझ्या ब्रिटाच्या लग्नाचं निमंत्रण मिळालं, आणि त्याखाली तू लिहिलेली ओळही: "आदल्या सोमवारी दुकान बंद ठेवतेय. घरच्या सगळ्या बायकांचे केस मीच करणार. या खेपेला तरी येशील, की राणीसाहेबांना डुलुथची कात्री चालत नाही?"

ताई, ओळ बोचली. तू दुकान काढल्यापासून तुझ्या खुर्चीत न बसलेली घरातली एकटी बाई मीच. तुझ्या थोरल्याच्या लग्नात मला फ्लू झाला, आईच्या पंच्याहत्तरीला हिमवादळ आलं (तुमच्याकडे लख्ख ऊन होतं, हे मला नंतर कळलं), आणि माझ्या गाडीची बॅटरी तर इतक्यांदा मेली की तिच्या नावाने चर्चमध्ये प्रार्थना म्हणायला हवी. तुला वाटलं, बहीण शहरात राहून चढेल झाली. तसं नाही गं. मी केस उपटते. माझेच. शाळेत होते तेव्हापासून. हात आपोआप डोक्यावर जातो, बोटं एक केस निवडतात, आणि तो निघेपर्यंत जगात दुसरं काही नसतं. निघाला की स्वतःची इतकी लाज वाटते! टाळूवर बशीएवढी जागा रिकामी आहे. देवाने निदान मिनेसोटाच्या थंडीत जन्माला घातलं, म्हणून अर्धं वर्ष टोपीबद्दल कोणी विचारत नाही.

नवरा असून व्हर्लिननेही कधी विचारलं नाही. दर नाताळला तो मला एक विणलेली टोपी द्यायचा. मी मनात चरफडायचे, या माणसाला दुसरं काही सुचतच नाही का! तो गेल्यावर टोप्या आवरायला काढल्या. एकूणएक टोपीला आतून मऊ अस्तर शिवून घेतलेलं, नेमकं टाळूपुरतं. म्हणजे त्याला सगळं माहीत होतं. आणि आम्ही जन्मभर एका टेबलावर जेवलो ते हवामानाबद्दल बोलत.

मग या वसंतात विद्यापीठाची जाहिरात पाहिली: केस उपटणाऱ्यांवर एका गोळीची चाचणी. औषध असं नव्हे, दुकानात शक्तीच्या गोळ्यांशेजारी मिळतं तसलं काहीतरी, छातीतला कफ सुटायलाही देतात म्हणे. (कफ सुटतो तर सवय का सुटू नये, असा हिशेब असावा.) अर्ध्यांना खरी गोळी, अर्ध्यांना नुसती पिठाची, आणि कोणाला कुठली हे डॉक्टरांनाही ठाऊक नाही. बाहेरच्या खोलीत भर जूनमध्ये आम्ही सगळे टोप्या घालून बसलेले. आयुष्यात पहिल्यांदा माझ्यासारखी माणसं भेटली, आणि आम्ही बोललो काय? तर यंदा डास फार आहेत. बशीत लिंबाची एक वडी उरली होती, ती कोणी संपवेना. जो तो अर्धी कापून अर्धी ठेवी. मला आत बोलावलं तेव्हा वडी नखाएवढी झाली होती, पण होती.

माझी गोळी खरी, हे डॉक्टरांच्या आधी आमच्या चर्चला कळलं. तिला सडक्या अंड्याचा वास. पर्समध्ये बाटली घेऊन मी चर्चच्या तळघरात एका मयताच्या जेवणाला वाढायला गेले, तर मर्ना हौगेनने नाक वर केलं, स्वतःच्याच अंड्याच्या सँडविचांकडे संशयाने पाहिलं आणि "अगंबाई, माझीच अंडी गं!" म्हणत अख्खं ताट कचऱ्यात रिकामं केलं. मी तोंडातून ब्र काढला नाही. लोकांनी पाव-लोणच्यावर भागवलं आणि जाताना मर्नाला म्हणाले, जेवण छान होतं.

खरा घोटाळा पुढे झाला. डॉक्टर ओर्टेगा तरुण आहेत, गोड आहेत, आणि अॅरिझोनाचे आहेत. दर भेटीला विचारायचे, "कसं चाललंय, लव्हॉन?" मी म्हणायचे, "तसं काही वाईट नाही." ते खूश होऊन लिहून घ्यायचे. (टोपी काढायला सांगत, पण मी "राहू द्या ना" म्हटलं की बिचारे राहू देत.) आता ताई, बाबांचा गोठा गुरांसकट जळाला तेव्हा ते काय म्हणाले होते, आठवतं ना? तसं काही वाईट नाही. पण अॅरिझोनात त्याचा अर्थ 'वाईट नाही' असा होतो! बाहेरच्या खोलीत माझ्यासमोर बसणाऱ्या, जोडी नावाच्या बाईने ऑगस्टात टोपी काढली. पिल्लाच्या अंगावर असते तशी लव आली होती. मी तिला मिठी मारली, आणि मग गाडीत बसून ढसाढसा रडले. तीच गोळी, तोच वास, आणि माझ्या डोक्यावर काही नाही. शेवटच्या भेटीलाही डॉक्टरांनी इतक्या आशेने विचारलं की मला दुसरं उत्तर देववेना.

असो. लग्नाला नक्की येते. केसांचं म्हणशील तर आता तसं काही वाईट नाही.

तुझी धाकटी,
लव्हॉन

ता. क. पाकीट चिकटवलं होतं, पुन्हा फोडलं. वरची शेवटची ओळ तू आमच्या डॉक्टरांसारखी वाचणार नाहीस, हे मला माहीत आहे.

ता. क. २. आज त्यांना फोन केला. म्हटलं, "माझं लिहिलंय ते खोडा. फार वाईट आहे." फोनवर कागद उलटल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "बरं केलंत सांगितलंत." एवढंच! हे मी व्हर्लिनला का नाही सांगितलं गं?

ता. क. ३. बाकीच्यांना दुपारी बोलव, मी सकाळी येते. पडदे ओढून घे. कापायला फारसं काही नाही, नुसतं धुऊन दे. लहानपणी स्वयंपाकघरातल्या बेसिनवर धुवायचीस ना, तसं. आणि मी टोपी काढली की 'तसं काही वाईट नाही' म्हणू नकोस. वाईट आहे म्हण, आणि मग पाणी सोड.