ओरेस्तेमामांशी केलेला तह

पॅरिस, १० एप्रिल १९१९

ती. ओदेतताईस,
आन्सेल्मचा शि. सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, मला लग्न करायचं आहे आणि लगेच करायचं आहे. तू आधी खुर्चीत बस. मुलगी इटलीच्या शिष्टमंडळात टंकलेखिका आहे. नाव झेलिंदा, गाव जिनोआ. तिचं यंत्र सुरू झालं की छपरावर गारा पडल्यासारखं वाटतं, आणि इकडे माझा टाक घसरतो. काल तहाच्या पहिल्याच पानावर 'शांतता'च्या जागी मी तिचं नाव लिहिलं. नशीब, इंग्रजांच्या आधी ते आमच्या साहेबांनी पाहिलं.

माझं काम विचारशील तर युद्ध जिंकलेली राष्ट्रं मिळून जर्मनांना द्यायच्या तहाचा मसुदा करताहेत, आणि मी तो स्वच्छ लिहून काढतो. सकाळी 'देता येईल' लिहायचं, दुपारी आमचे साहेब ते 'द्यावंच लागेल' करतात, संध्याकाळी इंग्रज पुन्हा 'देता येईल'वर आणतात. चार वर्षं एका बाजूनं लढलेली माणसं एकेका शब्दासाठी एकमेकांच्या नरड्याला हात घालताहेत. मलाही चेव येतो, पण मला बोलायची परवानगी नाही.

अडचण एकच. झेलिंदाला आईवडील नाहीत, मामा आहेत. ओरेस्तेमामा त्याच शिष्टमंडळाचे आचारी. मी तडक स्वयंपाकघरात घुसून मागणी घातली. मामा म्हणाले, तोंडी काही चालणार नाही, रीतसर लेखी तह करू. तेव्हा आपल्या बाजूच्या अटी ताबडतोब कळव. तू आणि आई माझी मित्रराष्ट्रं.

लोभ आहेच. आईच्या कानावर घालताना तो दुप्पट करावा ही विनंती.

तुझा धाकटा,
आन्सेल्म


दिजों, १६ एप्रिल १९१९

चि. आन्सेल्म यास,
ताईचे अ. उ. आ.

तुझं पत्र ऐकून आई आधी रडली, मग हसली, मग कपाट उघडून झगा शोधायला लागली. सपाट तळपायांमुळे फौजेनं तुला घेतलं नाही, त्याचं उट्टं तू प्राध्यापकावर टोपी फेकून काढलंस आणि वकिलीचं कॉलेज अर्ध्यावर टाकलंस. आता आचाऱ्याशी लढ, बाबा! निदान जेवून तरी येशील.

आईच्या अटी अशा: लग्न दिजोंलाच व्हायचं, जेवण लोण्यातच शिजायचं, आणि पानात गोगलगाई हव्यातच. गोगलगाई नसतील तर ते लग्न नव्हे, उपास आहे असं ती म्हणते. बाबांना विचारलं, तर ते म्हणाले की आपल्या मोहरीच्या दुकानात आणखी एक तिखट माणूस खपून जाईल.

डोकं थंड ठेव. तुझ्या बाबतीत हा आशीर्वाद आजवर फळलेला नाही, तरी देते.

तुझी,
ओदेतताई


पॅरिस, २६ एप्रिल १९१९

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

घात झाला! सगळं जमत आलं होतं गं. लोणी म्हणताच मामांनी झारा आपटला; जिनोआचा माणूस ऑलिव्हच्या तेलाशिवाय मरणारसुद्धा नाही, म्हणाले. तेव्हा मी लिहिलं, 'जेवण यथायोग्य स्निग्ध पदार्थात होईल.' मामांनी ते तेल समजावं, आईनं लोणी. साहेबांकडून शिकलोय हे. भांडण मिटत नसेल तर असा शब्द घालायचा की दोघंही जिंकून घरी जातात. गोगलगाईंनाही मामांनी मान्यता दिली, फक्त मुख्य टेबलावर नाही.

आणि गुरुवारी एड्रियाटिक समुद्राच्या काठावरल्या एका बंदरावरून इटलीचे बडे साहेब रुसले आणि रोमच्या गाडीत जाऊन बसले. मामा म्हणाले, राष्ट्र उठलं की आचारीही उठतो! झेलिंदालाही घेऊन गेले. मी फलाटाच्या टोकापर्यंत धावलो आणि हमालाच्या गाडीवर आपटलो. ती खिडकीतून काहीतरी ओरडली, पण इंजिनानं ऐकू दिलं नाही.

वर आज हुकूम आला, मसुद्यातून इटलीचं नाव खोडा. मी दौत आपटली. साहेब म्हणाले, तू नाव खोड, नाहीतर मी तुझी नोकरी खोडतो. खोडलं, ताई. प्रत्येक रेघ माझ्याच काळजावरून गेली.

लोभाची आज फार गरज आहे.

तुझा अभागी,
आन्सेल्म


दिजों, २ मे १९१९

चि. आन्सेल्म यास,
अ. उ. आ.

आई म्हणते, रुसून उठलेला माणूस पान वाढायच्या वेळी परत येतो. तिनं बाबांना अठ्ठावीस वर्षं सांभाळलंय, तेव्हा तिचं ऐक. जेवत जा. आणि गाडीखाली जीव देण्याच्या गोष्टी पोस्टकार्डावर पुन्हा लिहू नकोस; पोस्टमन वाचतो आणि मग आम्हालाच धीर देत बसतो.

तुझी,
ताई


पॅरिस, १० मे १९१९

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

आले! बुधवारी सकाळीच आले. त्याच दिवशी जर्मनांच्या हाती तह द्यायचा होता. मागं राहिलो तर वाटणीत काही मिळायचं नाही हे त्यांना उमगलं असावं. आम्ही प्रती काढून समासात 'इटली' 'इटली' लिहीत सुटलो. माझ्याइतक्या आनंदानं ते कुणी लिहिलं नसेल. दुपारी मामांनी पिठाच्या हातानं आमच्या तहावर सही केली.

व्हर्सायला जर्मनांना ते जाडजूड बाड दिलं, आणि सांगितलं की चर्चा होणार नाही; हरकती असतील त्या पंधरा दिवसांत लेखी द्या. त्यांच्या म्होरक्यानं उठून उभं न राहता बसल्या बसल्याच उत्तर दिलं म्हणून सगळे खवळले. तो थाट ऐकून मामांना आणि मलाही स्फुरण चढलं. त्याच संध्याकाळी मामांनी धुतलेला एप्रन बांधला, मी कॉलर बदलली, आणि स्वयंपाकघरात झेलिंदाच्या हाती आम्ही आमचा तह ठेवला.

तिनं तो बसूनच वाचला. मग बसूनच विचारलं की हे युद्ध केव्हा झालं, आणि त्यात ती कधी हरली. मामा पातेल्याच्या वाफेमागे गेले. खरंच गं, महिनाभर आपण सगळे आपापसात भांडलो, पण जिनं सही करायची तिला कुणी विचारलंच नव्हतं! वाटलं, आता ती सगळं फाडणार आणि कायमची जिनोआची गाडी धरणार.

फाडलं नाही. म्हणाली, पंधरा दिवसांची मुदत तिलाही हवी. रोज एक हरकत लेखी देणार, आणि तिच्यावर चर्चा तुइलरीच्या बागेत, तोंडी. मामांना प्रवेश नाही.

परवा तिनं स्निग्ध पदार्थ फेटाळला; तेल की लोणी ते छातीठोक लिहा, म्हणाली. काल गोगलगाईंवर वाजलं. आजची हरकत अशी, की एवढ्या कलमांत मी तिच्यावर प्रेम करतो असं कुठंच लिहिलेलं नाही. मी पहिल्या ओळीपासून शेवटच्या सहीपर्यंत शोधलं. नव्हतंच! मग कानशिलं तापलेली, टोपी हातात चुरगाळलेली, असा उभा राहून ते तिला तोंडीच सांगितलं.

तिनं ऐकून घेतलं, आणि म्हणाली की शब्दरचना समाधानकारक नाही, उद्या पुन्हा मांडा.

आईला म्हणावं, सध्या लोभ पुरून उरतो आहे, तरी तुमचाही असू द्यावा.

तुझा,
आन्सेल्म