क्लच नसलेली गाडी

दादा,
आज बाबांची गाडी काढू नकोस, रिक्षा कर. चावी मी ऑफिसला घेऊन जातेय. पोहे झाकून ठेवलेत.

बाबा गेल्यापासून गिअर बदलताना गाडी झटके देते ना, म्हणून काल मांजलपूरच्या मेकॅनिकला दाखवली. त्याने ऑइल पाहिलं, स्कॅनर लावला, काही सापडलं नाही. मग मला चालवायला सांगून स्कूटरवरून मागे आला. थांबल्यावर म्हणाला, "बेन, दर गिअरला ब्रेकची लाइट लागते. क्लच समजून डावा पाय मारता काय?"

ही खोड कुणाची होती ते तुला सांगायला नको. गाडी ऑटोमॅटिक आहे, हिला क्लचच नाही, म्हणून किती भांडलो आपण बाबांशी!

घरी येताना मी डावा पाय मुद्दाम सीटवर दुमडून घेतला होता. तरी फतेगंजपर्यंत झटके बसले, आणि दर झटक्याला ब्रेकचं पेडल आपसूक खाली जात होतं.

आईला यातलं एक अक्षरही सांगू नकोस. ती घाबरायची नाही. माझ्याकडून चावी घेईल आणि ड्रायव्हरशेजारच्या तिच्या नेहमीच्या सीटवर जाऊन बसेल.

रूपाली