दुपदरी सूत

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

नागपूर, ३ फेब्रुवारी १९७५

तीर्थस्वरूप सावित्रक्कास, धाकट्या शिवयोगीचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. दाक्षायणीचं माझ्याशी पक्कं केलंस, बसवजयंतीचा मुहूर्तबी धरलास. बहिणीची लेक भावानं करायची ही आपली रीत, मला काय नवी न्हाय. पण अक्का, हे लगीन मला करायचं न्हाय. रागावू नको, आधी पुरतं ऐक. दाक्षीच तुला हे वाचून दाखवणार, हे ठाऊक असूनबी लिहितोय.

माग सोडला, बंगळूरची खानावळ सोडली, आता हितं दवाखान्यात वॉर्डबॉय हाय. तू म्हणशील ह्याचं बूड कुटंच टिकत न्हाय. खरं हाय. पण हितं एक जोडपं बहिरं-मुकं पोर घेऊन आलं. नवरा मामा, बायको भाची. मला आपली मधली पारक्का आन् चनबसप्पामामाच दिसले, पोर तर हुबेहूब त्यांचा संगू. डॉक्टरीणबाईंनी त्यांना समजावलं, मग मी पाठ धरली तवा मलाबी.

म्हणाल्या, अंगाचे गुण ठरवणारी जनुकं असतात, ती जोडीनं येतात. एक आईकडनं, एक बापाकडनं. तू दुपदरी सूत समज की. एक पदर कुजका असला तरी दुसरा ताण धरतो, माणसाला कळतबी न्हाय. दोन्ही कुजके आले की सूत तुटतं. परक्या घरात नेमका तोच पदर कुजका असायचा क्वचित. एका घरातली माणसं मात्र एकाच कांडीचं सूत. आईच्या माहेरचा तो पदर मामात आला, पारक्कातबी आला. तुझ्यात, माझ्यात, दाक्षीत असेलच असं न्हाय, पण असू शकतो. माझ्यात आन् दाक्षीत दोघांतबी असला, तर चारात एक पोर संगूसारखं.

दाक्षीत खोट न्हाय. दाक्षी, हे तू नीट वाच.

माया पातळ होऊ देऊ नको.
तुझा शिवा


कुंभारी, १५ फेब्रुवारी

चि. शिवास सावित्रक्काचा आशीर्वाद. मी सांगते, दाक्षी लिहिते.

तुझं पत्र पोरगीनं न थांबता वाचलं, मलाच थांब म्हणावं लागलं. तुझे दाजी म्हणतात, जनुक न् बिनुक, नागपुरात कुणीतरी ठेवली असणार. भावकीची तोंडं गोड करून झालीत. मामानंच नाकारलेली पोरगी म्हटल्यावर दुसरं कोण दारात येणार? ह्याचा विचार केलास?

बरं, तुझाच हिशेब धरते. चारात एक ना? तो एक पारूच्या पोटी येऊन गेला. आता राहिलेले तिघं धडधाकट की! आणि संगूचं कारण गावाला ठाऊक हाय. पोटुशी असताना पारूनं ग्रहणात काकडी चिरली. तिची सासू, म्हणजे आपलीच आज्जी, अजून बोलून दाखवते. पत्र वाचताना पारू हितंच होती. जनुकं जोडीनं येतात, ते तेवढं तिनं पुन्हा वाचायला लावलं.

येत नसशील तर ह्या घराची पायरी विसर. जेवत जा.
सावित्रक्का


नागपूर, २३ फेब्रुवारी

तीर्थस्वरूप अक्कास शिवाचा पायावर डोकं ठेवून नमस्कार.

दाजींना सांग, एका खोलीत आमी चौघं झोपतो, ठेवू कुटं?

आता दोन कवड्या घे. दोन्ही पालथ्या पडायच्या चारात एकदा. पण एकदा पडल्या म्हणून पुढचे तीन डाव सुटत न्हाईत. दर बाळंतपणाला नवा डाव. मागचा डाव कवडीला आठवत न्हाय.

ग्रहणाचंबी विचारलं. बाई म्हणाल्या, काकडी चिरल्यानं कुणाचे कान जात न्हाईत. पारक्काला सांग, एक पदर तुझा, एक मामाचा. आन् मामाला तो आला आज्जीकडनं, न्हायतर आजोबांकडनं. एकटीनं वाहायचं ओझं न्हाय ते.

दाक्षीच्या नावाचा मला लई घोर हाय. माझ्यावर ढकल. गावात सांग, मामा भटका निघाला, पोरगी आमीच दिली न्हाय.

पायरीचं तेवढं परत घे.
शिवा


कुंभारी, १० मार्च

चि. शिवास आशीर्वाद.

पारूनं तुझं पत्र नेलं, दाक्षीला सोबत नेलं, आज्जीपुढं वाचायला लावलं. आज्जी म्हणाली, शाळा सोडून पळालेल्याचं काय ऐकायचं! पारू उठली, पाटीतली काकडी घेतली, आज्जीच्या समोर विळीवर बसली आणि चिरली. संगू झाल्यापासून तिनं काकडीला हात लावला नव्हता रे. मीठ लावून पहिली फोड संगूला दिली. आज्जी तोंड फिरवून बसली.

तू सांगितलंस तसंच गावात सांगितलं. आता तू सगळ्यांत वाया गेलेला. अक्कलकोटचं एक स्थळ बघून गेलं, परत फिरकलं न्हाय. दाजी तुझं नाव काढत न्हाईत. मला मात्र रात झोप न्हाय. कवा का ठरंना, पोरीला मांडवात आणायला मामा लागतो. तवा ये. पायरी हाय तितंच हाय.
सावित्रक्का

मामा, ही ओळ माझी, आईनं सांगितलेली नाही. दोन महिने तुम्हाला मामा म्हणायचं नाही म्हणून जिभेला वळण लावलं होतं. आता परत मामा म्हणायला शिकते आहे. वेळ लागेल.
दाक्षायणी