डाव्या डोळ्याची पापणी

३ मार्च
पुन्हा जिन्याखालीच! पुढच्या महिन्यातल्या प्रदर्शनात माझ्या बारा चित्रांना नेमलेली जागा तीच — छत्र्या ठेवायच्या कोपऱ्याशेजारी. बावीस वर्षं अंगठ्याएवढे चेहरे रंगवतेय आणि अजून लोक वाकून विचारतात, "ही बटणं आहेत का?" तैलचित्रवाल्यांच्या म्हशीसुद्धा मोठ्या दालनात.
हे म्हणाले, "मग मोठी काढ की." गणिताच्या मास्तरांपुढे काय डोकं फोडायचं.

५ मार्च
प्रदर्शन समितीचे अध्यक्ष न्यायाधीशसाहेब स्वतः घरी आले. बायकोचं चित्र हवंय, खिशातल्या घड्याळाच्या झाकणात बसेल असं. "मनासारखं झालं, तर यंदा तुम्हाला मोठ्या दालनात घेऊ."
नणंदबाईंनी दाराआडून सगळं ऐकलं. "आता तरी फरशीवर रंग सांडू नकोस," एवढंच.

९ मार्च
साहेबांच्या बाईंची पहिली बैठक. शांत, गोड माणूस. हूं की चूं नाही. कपाळ झालं, नाक झालं. डावा डोळा काही केल्या जमेना.

१२ मार्च
खरवडलं. पुन्हा काढलं. पापणी खालीच येते. भिंग पुसलं, खिडकी बदलली, कुंचल्याचा केस न केस तपासला. बाई बिचाऱ्या बसून अवघडल्या. माझेच डोळे दगा देताहेत की काय?
यांना विचारलं, तर वह्यांतून मान वर न करता, "चष्मा बदल."

१३ मार्च
काम नाही. दिवसभर भांडी आपटली.

१६ मार्च
आज उठून बाईंच्या अगदी जवळ गेले. माझे डोळे धड आहेत. पापणी खरंच पडते — केसभरच, पण पहिल्या दिवसापेक्षा आज जास्त. दिसली तशी रंगवली. जीव भांड्यात पडला.

१८ मार्च
साहेबांनी भिंग लावलं आणि तोंड वाकडं केलं. "माझी बायको काय पेंगतेय? डोळा सरळ करा."
म्हटलं, दिसतं तसंच काढलंय.
"तेहतीस वर्षं हा चेहरा पाहतोय मी. तुम्ही किती दिवस?"
जाताना, अगदी सहज — "दालनाची यादी शुक्रवारी छापायला जाते."
अंगाचा तिळपापड झाला. रोज जेवताना समोर असलेल्या चेहऱ्याकडे बघतं कोण? यांना विचारावं, माझ्या कोणत्या गालावर तीळ आहे. नकोच. उत्तर ऐकवायचं नाही.

२० मार्च
डोळा सरळ करत होते. बाई एकदम म्हणाल्या, "खरं सांगा, माझी पापणी पडते का हो? हल्ली सुईत दोरा ओवता येत नाही. घरात म्हणतात, मनाचे खेळ आहेत."
हातात कुंचला. उद्या शुक्रवार.
"छे हो," मी म्हटलं. "माझीच नजर चुकली होती."
बाई हसल्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मोकळं हसल्या. मी तेच हसू उतरवलं. नणंदबाईसुद्धा म्हणाल्या, "आता बोलतील असं वाटतं गं."
मला जेवण गेलं नाही.

२१ मार्च
सकाळी साहेबांनी चित्र पसंत केलं, संध्याकाळी यादी आली. मोठं दालन, पूर्वेची भिंत.

१४ एप्रिल
उद्घाटन. भिंगातून बघायला रांग लागली होती. वर्तमानपत्रवाल्याने पहिल्यांदाच 'हौशी' शब्द वापरला नाही. हे चक्क कोट घालून आले. बावीस वर्षं मी ज्यासाठी धुसफुसले ते हेच, आणि मी दिवसभर कुणावर ना कुणावर खेकसत होते.
साहेबांनी बाईंचं चित्र प्रदर्शनापुरतं दिलंय. सगळ्यांना तेच आवडतं. त्या भिंतीवर खोटं तेवढंच एक आहे.
बाई आल्या नाहीत. डोकं दुखतंय म्हणे.

२ मे
बाई इस्पितळात. मेंदूत गाठ निघाली, शस्त्रक्रिया झाली. जीव वाचला. डावा डोळा गेला. साहेबांना डॉक्टर म्हणाले, महिनाभर आधी आणायला हवं होतं.

५ मे
सगळं कबूल करायचं ठरवून भेटायला गेले. तोंड उघडायच्या आत बाईंनीच माझा हात धरला. "तुम्ही 'छे हो' म्हणालात ना, केवढा धीर आला होता मला. दुसऱ्या दिवशीची डॉक्टरांची वेळ घेतली होती. मग गेलेच नाही."